डाव्या कुशीतला खडा

माझ्या डाव्या मूत्रपिंडाचा आतला भाग मी पाहिलेला आहे. फोटोत वगैरे नव्हे. टेबलावर पालथी पडलेली असताना, मान उजवीकडे वळवून, त्याचं काम चालू असताना पाहिला. हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं आहे, लग्नाच्या मांडवात सांगितलं आहे, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं आहे. ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं की नाही, देव जाणे. मला स्वतःलाच सांगता सांगता मध्ये थांबावंसं वाटतं.

मी मूर्तिजापूरला एका शाळेत विज्ञान शिकवते. उत्सर्जन संस्थेचा धडा आजवर किती वेळा शिकवला, आठवत नाही. फळ्यावर घेवड्याच्या दाण्यासारखे दोन आकार काढायचे, आत तीन-चार वळणं, खाली दोन नळ्या आणि त्याखाली पिशवी. पुस्तकात त्याला वृक्क म्हणतात, दवाखान्यात किडनी म्हणतात, आणि माझे बाबा गुर्दा म्हणतात. या तिन्हींपैकी एकाही शब्दाचा माझ्या अंगाशी काही संबंध आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी आठवीच्या वर्गात विद्युतधारा शिकवत होते. वाक्य अर्धं झालं आणि पाठीत, डाव्या बरगडीखाली, कोणीतरी मूठ घालून पिळावं तसं झालं. मी टेबलाचा कोपरा धरला. कळ पुढे सरकली, जांघेपर्यंत उतरली. दोन बाळंतपणं झालेली बाई मी. पण त्या कळांना निदान मध्ये विसावा तरी होता, हिला तोही नव्हता. बसले तर बसवेना, उभी राहिले तर उभं राहवेना. पहिल्या बाकावरच्या मुली रडायला लागल्या तेव्हा मला कळलं, मी ओरडत असणार. दोघी शिक्षिकांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळी सोनोग्राफीत दिसला तो खडा. एकवीस मिलिमीटर.

"हा आपोआप पडायचा नाही," गावातले डॉक्टर म्हणाले. "अमरावतीला जा. काढून घ्या."

मी गेले नाही. तब्बल आठ महिने गेले नाही. सकाळी उठून पानफुटीची दोन पानं चावायची, कुळथाचं पाणी प्यायचं आणि दुखलं की गोळी. विज्ञान शिकवणारी बाई असं का वागली, तर त्याला कारण माझ्या बाबांची डावी कूस.

माझं माहेर अकोट आणि दर्यापूरच्या मधलं, खारपाणपट्ट्यातलं. काळी, खोल जमीन, आणि विहिरीचं पाणी असं की त्यात साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ शिजत नसे. तेच पाणी आम्ही पीत असू. आता नळाचं गोड पाणी आलं आहे, पण माझं लहानपण त्या खाऱ्या पाण्यावर गेलं. गावात मुतखडा घरोघरी होता. सर्दी-पडशाबद्दल बोलावं तसं लोक त्याच्याबद्दल बोलत.

मी पाचवीत असताना बाबांचं ऑपरेशन झालं. अकोल्याला. महिनाभर ते तिकडेच होते, आणि घरी आले तेव्हा आईच्या खांद्यावर भार टाकून, अर्धे वाकून. डाव्या बरगडीखालून सुरू झालेला टाका कूस ओलांडून पार पोटापर्यंत आला होता. आई जखम पुसायची तेव्हा गरम पाण्याचं भांडं धरून मी उभी राहायची. तो लाल, फुगलेला पट्टा मी तेव्हा पाहिला. पुढे किती तरी महिने बाबा खोकला आला की हाताने कूस दाबून धरत. कोणी काही गमतीचं बोललं तर म्हणत, "हासवू नका रे बाप्पा." कापसाचं गाठोडं त्यांनी पुन्हा कधी खांद्यावर घेतलं नाही.

त्यामुळे माझ्या खड्याचं त्यांना कळलं तेव्हा पंचाहत्तरीतला तो माणूस सकाळच्या पहिल्या एसटीने मूर्तिजापूरला आला. खाटेवर बसला, पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "पोरी, पानफुटी खाय, कुळीथ पे, काय वाट्टेल ते कर. पन कापू देऊ नको."

"नाही कापत आता, बाबा. छिद्र पाडतात फक्त."

"तुले कोनं सांगतलं? मले बी तवा असंच सांगतलं होतं, जरासंक कापू मून."

खरं म्हणजे मला त्यांचं बोलणं ऐकायचंच होतं.

मग एक दिवस दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी आवाज चढवला. खड्यामुळे लघवी अडून किडनी सुजते आहे, असंच चाललं तर ती निकामी होईल, असं त्यांनी माझ्या यजमानांना समोर बसवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही अमरावतीला निघालो. बाबा आमच्याबरोबर आले. कोणी बोलावलं नव्हतं, पण नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

अमरावतीचे डॉक्टर चाळिशीच्या आतले. बोलणं हळू, बोटं लांब. सीटी स्कॅन भिंतीवरच्या पडद्यावर लावून त्यांनी खडा दाखवला आणि सांगितलं, आधी औषधं देऊन ताप पूर्ण घालवायचा, मग पाठीतून पेन्सिलीएवढी बारीक वाट करून आत जायचं.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "डॉक्टरसायेब, मले एक सांगा. खडा येवढा," त्यांनी अंगठ्याचं पेर दाखवलं, "आन् भोक तुमी मनता पेन्सिलीयेवढं. मंग तो निंघन कसा?"

"आतच फोडायचा, काका. लेझरने. चुरा करून बाहेर आणायचा."

"आन् दिसन कसं? आत त अंधार असन."

डॉक्टर हसले नाहीत. उलट त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बरोबर तेच विचारलं. आत दिसणं हेच सगळ्यात अवघड होतं." मग कपाटातून त्यांनी एक नळी काढली, हातभर लांबीची, स्टीलची, आणि बाबांच्या हातात दिली. तिच्या एका टोकाला दिवा आणि आरपार बघायची सोय. बाबांनी ती डोळ्याला लावली आणि खिडकीकडे धरली. रस्त्यावरची माणसं पाहिली, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. किती तरी वेळ नळी त्यांनी परत केली नाही.

"कावून वं," ते मला म्हणाले, "तुले भेव वाटून राह्यलं का?"

"थोडं."

"मले बी," ते म्हणाले. पण कापू देऊ नको असं त्या दिवशी त्यांनी म्हटलं नाही.

ताप उतरून आठवडा झाल्यावर ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी थिएटरात शिरल्याबरोबर जाणवली ती थंडी. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी माझी पाठ वाकवून कण्यात सुई दिली. पायांत आधी ऊब आली, मग मुंग्या, आणि मग पायच राहिले नाहीत. मी अंगठा हलवायला सांगत होते आणि तिकडे कोणी ऐकत नव्हतं. आधी लघवीच्या मार्गाने एक बारीक नळी थेट किडनीपर्यंत सरकवली, ते मला फक्त त्यांच्या बोलण्यावरून कळलं. नंतर चौघांनी मिळून एक-दोन-तीन म्हणत मला पालथं केलं आणि छातीखाली उशा सरकवल्या.

"झोपेचं औषध देऊ का?" बाईंनी कानाशी येऊन विचारलं. "की जागं राहायचंय?"

"मी विज्ञान शिकवते," मी म्हटलं. याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला. डॉक्टरांना काहीतरी सांगितलं, आणि कोणीतरी माझ्या उजव्या बाजूचे दोन पडदे जरा खाली करून माझ्याकडे वळवले.

पहिल्या पडद्यावर एक्स-रे. खालच्या नळीतून औषध सोडलं आणि करड्या धुक्यात एक काळसर आकार हळूहळू भरत गेला, पाण्याने ओहोळ भरावेत तसा. मधोमध एक रुंद जागा आणि तिला फुटलेले फाटे. मी श्वास घेतला. तो आकार खाली गेला. सोडला. वर आला.

मला हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं शिकवूनही नव्हतं. आपल्या श्वासाबरोबर किडनीसुद्धा आतल्या आत खाली-वर सरकते, दिवसरात्र, जन्मापासून.

"मॅडम," डॉक्टरांचा आवाज आला, "आता मला तुमची मदत लागणार. मी सांगेन तेव्हा श्वास थोडा सोडून तसाच थांबवायचा. हलायचं नाही."

"हो."

"घ्या. सोडा. थांबा."

मी थांबले. पडद्यावरचा आकारही थांबला. एक बारीक काळी रेघ बाजूने त्याच्याकडे आली, टेकली. मग डॉक्टर म्हणाले, "नाही. घ्या श्वास." रेघ मागे गेली. त्यांनी एक्स-रे यंत्राची कमान वळवायला सांगितली, तीच जागा दुसऱ्या कोनातून पाहिली, बराच वेळ पाहिली. त्यांच्या आवाजात घाई नव्हती, म्हणून मलाही घाबरायला झालं नाही. पाठीवर नेमकी कुठे सुई आहे हे मला कळत नव्हतं. पण माझ्या कातडीपासून त्या फाट्यापर्यंत चार बोटांचं अंतर, वाटेत मांस, रक्तवाहिन्या, वर फुप्फुस, पुढे आतडं, आणि एका माणसाला हे सगळं चुकवून, न बघता, एका दाण्याएवढ्या जागी टेकायचं आहे, इतकं मला समजत होतं.

"पुन्हा. घ्या. सोडा. थांबा."

रेघ आली आणि या वेळी आत शिरली. "आलं," डॉक्टर म्हणाले. नंतर त्यांनी मला सांगितलं, सुईच्या मागच्या टोकातून स्वच्छ पाण्याचा थेंब पडला, तीच आत पोचल्याची खूण. त्या थेंबाची वाट पाहत थिएटरातली सगळी माणसं श्वास रोखून उभी होती, एकटी मीच नव्हते.

पुढचं भराभर झालं. सुईतून तार, तारेवरून आधी बारीक नळी, मग तिच्यावरून जरा जाड. मला पाठीवर कोणी अंगठा दाबतंय एवढंच जाणवत होतं. आणि मग दुसरा पडदा उजळला.

आधी नुसतं गुलाबी. मग पाण्याचा एक झोत आला, धूसरपणा वाहून गेला, आणि समोर एक दालन उघडलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. ओल्या, चकचकीत, फिकट गुलाबी भिंती; त्यांवर केसासारख्या लाल रेषा; आणि पलीकडे दोन गोल दारं, त्यांच्या आत पुन्हा तसाच उजेड शिरू पाहणारा. सगळं स्वच्छ. मी आयुष्यभर फळ्यावर जे काढत आले त्यात ही जागा कुठेच नव्हती. माझ्या आत अशी निर्मळ, शांत खोली आहे आणि तिचं दार आजवर कोणी उघडलं नव्हतं. पालथ्या तोंडाने, उशीत गाल दाबलेला असताना, मी हात जोडायला गेले. हात बांधलेले होते.

"हे पाहा," डॉक्टर म्हणाले. एका दारातून आत गेल्यावर भिंतीवर एक लहानसा फुगवटा दिसला, स्तनाग्रासारखा. "इथून लघवी झिरपते. थेंबाथेंबाने. आत्ताही चालू आहे."

"आत्ता?"

"आत्ता. आपण इथे गप्पा मारतोय आणि तिचं काम चालूच आहे."

मग तो दिसला. मधल्या जागेत बसलेला, खरबरीत, जुन्या काळ्या गुळाच्या खड्यासारखा तपकिरी, कडांना पांढुरका. त्या नितळ जागेत तो इतका परका दिसत होता की मला राग आला. तारेएवढी बारीक काडी पुढे आली, तिच्या टोकाला एक हिरवा ठिपका. टिक टिक टिक टिक. खड्यावरून धूळ उठली, पाण्यात ढग झाला, पाण्याने तो ढग धुऊन नेला. पुन्हा टिक टिक. एक कोपरा ढासळला. मोठे तुकडे पाण्याच्या ओढीने नळीकडे वळत आणि पडद्यावरून नाहीसे होत. तेव्हा मागे कोणाच्या तरी हातातल्या भांड्यात बारीक टण् आवाज येई. मी तो आवाज ऐकत होते. माझ्या आतून काहीतरी बाहेर पडत होतं आणि मला दुखत नव्हतं.

शेवटी जागा रिकामी दिसली. मला वाटलं, झालं. पण डॉक्टर म्हणाले, "एक तुकडा कमी आहे." त्यांनी स्कॅन पुन्हा पाहिला. मग एकेका दाराशी जाऊन ते आत डोकावू लागले. खालच्या दाराच्या आड, पार कोपऱ्यात, तो दडलेला होता. तिथे नळी पोचेना. "मॅडम, एक मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." मी घेतला. सगळं दालन हळूच खाली सरकलं, दार समोर आलं, आणि त्यांनी चिमट्याने तो तुकडा उचलला.

"तुम्हीच काढलात," ते म्हणाले.

वॉर्डात आणल्यावर पहिला दिवस थंडी वाजण्यात आणि अर्धवट झोपेत गेला. लघवीच्या पिशवीत लाल पाणी पाहून यजमान दोनदा सिस्टरला बोलावून आले. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी झालं. जखमेची पट्टी बदलायला सिस्टर आली तेव्हा बाबा पलीकडे उभे होते. त्यांनी चष्मा लावला.

"काका, तुम्ही बाहेर थांबता का?"

"नाई. मले पाह्यचं हाय."

सिस्टरने पट्टी काढली. बाबा वाकले. मला पाठीवर त्यांचा श्वास लागत होता.

"येवढंच?"

"एवढंच, काका."

"दुसरीकडे बी असन नं?"

"नाही हो. एकच छिद्र आहे. टाकासुद्धा एकच."

बाबा सरळ झाले. टेबलावर काचेच्या बाटलीत माझ्या खड्याचे तुकडे ठेवले होते. त्यांनी बाटली उचलली, खिडकीशी नेली, हलवली, आतलं निरखून पाहिलं. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि बाटली जिथल्या तिथे ठेवली.

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर राउंडला आले, तेव्हा बाबांनी एक गोष्ट केली जी मी त्यांच्याकडून कधी अपेक्षिली नव्हती. सदरा वर करून कूस डॉक्टरांपुढे धरली. "माह्या बी गुर्द्याले पाहून घ्या एकडाव. तवापासून कोनं पाह्यलं नाई."

डॉक्टरांनी त्या लांब व्रणावरून बोट फिरवलं, मागून पुढपर्यंत. "कोणी केलं होतं?"

"नाव आठवत नाई. चष्मा होता त्याईले. रोज सकाळी येत आन् पायापाशी उभे राहत. बोलत कमी."

डॉक्टर त्यांना खाली सोनोग्राफीच्या खोलीत घेऊन गेले. मी हळूहळू चालत मागून गेले. पडद्यावर करडा आकार आला. डॉक्टरांनी तो वरून पाहिला, कडेने पाहिला, दोन्ही टोकं मोजली.

"काका, किडनी चांगली आहे. एकही खडा नाही. काम पूर्ण चालू आहे." मग ते पुन्हा त्या व्रणाकडे वळले. "त्या डॉक्टरांकडे यातलं काही नव्हतं. एक एक्स-रे आणि हाताची बोटं. आत हात घालून, चाचपून त्यांनी खडा शोधला असेल. मला आज तसं करायला सांगितलं तर मला जमेल की नाही, सांगता येत नाही."

बाबा टेबलावर तसेच पडून राहिले. "मी त्या मान्साले गंज शिव्या देल्या," ते म्हणाले. "सालोसाल देल्या."

त्या खोलीत मला जे वाटलं ते थिएटरातल्यापेक्षा वेगळं होतं, पण त्याहून कमी नव्हतं. न दिसणाऱ्या जागी नुसत्या बोटांनी वाट काढणारा कोणी एक माणूस. त्याचं नावही आम्हाला माहीत नाही. आणि त्याने हात लावलेलं ते इंद्रिय, इतकी वर्षं, खारं पाणी, ऊन, पेरण्या, आईचं जाणं, सगळं सोसून अजून थेंब थेंब झिरपतं आहे.

लघवी अडू नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी आत ठेवलेली बारीक नळी काढायला तीन आठवड्यांनी पुन्हा अमरावतीला जावं लागलं. दहा मिनिटांचं काम. या वेळी फक्त यजमान सोबत होते. डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी प्यायचं ते सांगितलं, सहा महिन्यांनी सोनोग्राफीला यायला सांगितलं. ती मी पुढे केली, आणि दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या. पण मला जास्त आठवतो तो परतीचा प्रवास. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बडनेरा मागे पडलं.

"ऑपरेशनच्या दिवशी तू दोन तास आत होतीस," यजमान एकदम म्हणाले. "मी बाहेर काय केलं, विचारलं नाहीस कधी."

"काय केलं?"

"समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. सगळ्या अवयवांचं. त्यातली नावं पाठ केली. घाबरलो की मला पाठांतर लागतं, शाळेपासून."

"म्हणा बरं," मी म्हटलं.

त्यांनी खरंच म्हणायला सुरुवात केली. यकृत, प्लीहा, जठर, वृक्क. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला, तरी ते थांबले नाहीत. बाहेर काळ्या रानात तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, आणि मी माझ्या नवऱ्याचं पाठांतर, चुका न काढता, शेवटपर्यंत ऐकलं.